तिसऱ्या टबाची गाजरं

मुद्देसूदरावांनी त्या रविवारी इमारतीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं नसतं, तर गच्चीवरचा ड्रम मुकाट्याने भंगारात गेला असता आणि पुढचे चार महिने सगळे सुखाने झोपले असते. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नाही. मुद्देसूदराव हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. "जरा मुद्देसूद बोला" हे ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की इमारतीने शेवटी ते त्यांनाच बहाल करून टाकलं. नोकरी सरकारी, टेबल आवक-जावकचं. आलेला कागद घ्यायचा, त्यातली त्रुटी शोधायची आणि कागद परत पाठवायचा, हे काम ते सत्तावीस वर्षं इमानेइतबारे करत होते. बिनत्रुटीचा कागद त्यांच्यासमोर कधी आलाच नाही. आला असता तर त्यांना त्याचाच संशय आला असता.

त्या दिवशी मीटिंगमध्ये पहिलाच विषय होता, गच्चीवरचा ड्रम हटवणे. ड्रम मुद्देसूदरावांचा. घरातली भाजीची सालं, देठं, वाळका पाला असलं सगळं त्यात टाकून ते खत करत. सेक्रेटरी राहायचे वरच्या मजल्यावर, ड्रमच्या बरोबर खाली.

"वास येतो," सेक्रेटरी म्हणाले.

"कसला वास? जरा मुद्देसूद सांगा."

"कुजल्याचा."

"ते कुजत नाहीये. त्याचं खत होतंय."

"होईपर्यंत कुजतंच ना पण?"

मुद्दा संपला की माणूस आवाज चढवतो. मुद्देसूदराव उभे राहिले. सेंद्रिय खतावर वाढलेलं गाजर आणि दुकानातल्या पांढऱ्या दाण्यांवर वाढलेलं गाजर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, सत्त्वाचा फरक असतो, तुम्ही जे खाताय ते नुसतं रंगवलेलं पाणी आहे, वगैरे वगैरे. बोलता बोलता त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"कशावरून?" सेक्रेटरींनी विचारलं.

आता बघा, हा प्रश्न मुद्देसूदरावांनी आयुष्यात हजारो लोकांना विचारला होता. त्यांना मात्र तो कोणी विचारला नव्हता. त्यांचं पित्त खवळलं. "प्रयोगशाळेचा दाखला आणून या टेबलावर ठेवतो! माझ्या खताचं गाजर सरस नाही निघालं, तर ड्रम मी स्वतःच्या हातांनी खाली आणीन!"

"लिहून घेतो," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं. खाली मुद्देसूदरावांची सहीसुद्धा घेतली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "कशाला नसती उठाठेव? दोन बोटं जातील इतकी भोकं आहेत त्या ड्रमला. जाऊ द्या की."

मुद्देसूदराव चप्पल काढून तडक आत गेले. कारण सांगणं अवघड होतं. ऑफिसात सत्तावीस वर्षं त्यांच्या हातून कागद नुसते परत जात आले होते. या ड्रममधून पहिल्यांदाच त्यांच्या हाताने काहीतरी तयार होऊन बाहेर येत होतं. रोज सकाळी तो काळाभोर भुसभुशीत चुरा मुठीत घेतला की त्यांना आतून बरं वाटायचं. पण चोपन्न वर्षांच्या माणसाने कचरा हातात घेतला की मला आनंद होतो असं बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ते केमिस्ट्रीच्या बाईंकडे गेले. बाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे चहासुद्धा मोजपात्रात मोजून करायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन टब लागतील."

"दोनच की हो बाई. एक माझं खत, एक त्यांचं खत."

"तीन. तिसऱ्याला काहीही द्यायचं नाही, फक्त पाणी. तुलनेला काहीतरी नको का? त्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही."

मुद्देसूदरावांना हे एकदम पटलं. त्यांनी जुने तीन टब आणले, एकाच ढिगातली माती चाळून भरली, एकाच पुडीतलं गाजराचं बी पेरलं आणि प्रत्येकावर पाटी लावली. टब क्रमांक एक, सेंद्रिय. टब क्रमांक दोन, रासायनिक. तिसऱ्यावर काय लिहावं याचा त्यांनी तासभर विचार केला. सरकारी तक्त्यात जिथे काहीच नसतं तिथे 'निरंक' लिहितात, म्हणून त्यांनी लिहिलं, टब क्रमांक तीन, निरंक. मग त्यांनी एक जाड रजिस्टर आखलं. तारीख, पाणी, खत, पानांची उंची, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, गाजरांशी बोलावं लागतं. काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते स्वतः कोणाशीही बोलले तरी विम्याचंच बोलत. तळमजल्यावरचा शिंपी एकदा मुद्दाम गच्चीवर येऊन कोंब बघून गेला. "फार दाटीवाटी झालीय साहेब. जरा माया सोडा मध्ये." हा एकच सल्ला कामाचा निघाला. मुद्देसूदरावांनी निम्मी रोपं उपटली आणि रजिस्टरात 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने विरळणी' अशी नोंद केली.

खरी अडचण आईची होती. आई ऐंशीच्या पुढची. रोज सकाळी लिफ्टने गच्चीवर जाऊन तासभर उन्हात बसायची. एके दिवशी तिने काठीने तिसऱ्या टबाकडे बोट केलं.

"ह्याला काय घालतोस?"

"काही नाही. तो निरंक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं असतं."

"आणि शेजारी दोघं जेवणार?"

"आई, ही शास्त्राची पद्धत आहे."

"असेल बाबा. आम्ही असला पंक्तिप्रपंच कधी केला नाही," असं म्हणून आई गप्प बसली. आई गप्प बसली की काहीतरी शिजतंय, एवढं तरी मुद्देसूदरावांना या वयात कळायला हवं होतं. पण ते पानांची उंची मोजण्यात गुंग होते.

आणि मग तिसरा टब वाढायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तो दोन नंबरच्या बरोबरीला आला. सहाव्या आठवड्यात त्याने एक नंबरला मागे टाकलं. पानं अशी हिरवीगार आणि दाट, की उपासाचा मागमूस नाही. मुद्देसूदरावांनी शेऱ्यात लिहिलं, 'क्र. ३: वाढ जोमदार. कारण अज्ञात.' पुढच्या आठवड्यात, 'वाढ अधिक जोमदार. कारण अद्याप अज्ञात.' शेवटी त्यांनी केमिस्ट्रीच्या बाईंना वर बोलावलं. बाईंनी टबाकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. "मातीत मूळचं असतं थोडंफार," त्या म्हणाल्या आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून घाईघाईने खाली गेल्या.

त्यातून मुद्देसूदरावांनी स्वतःच एक घोळ घातला. एक नंबर मागे पडतोय हे बघून त्यांचा धीर सुटला आणि ड्रममधलं अर्धवट कुजलेलं खतही त्यांनी त्यात ढकललं. नोंद अर्थात केली. पण ताज्या खताने गाजराला फाटे फुटतात, हे त्यांना कोण सांगणार? विमावाले? गाजरं उपटायचा दिवस आला तेव्हा एक नंबरमधून जे निघालं ते बघून बायकोने तोंडाला पदर लावला. एका गाजराला दोन पाय होते. एकाला तीन. दोन गाजरांनी एकमेकांना अशी घट्ट मिठी मारली होती, की त्यांना वेगळं करणं बरं दिसलं नसतं.

"हसू नकोस," मुद्देसूदराव म्हणाले. "सत्त्व आत असतं."

"मी कुठे हसतेय?" बायको म्हणाली आणि जिन्यात जाऊन हसली.

प्रत्येक टबातली निम्मी गाजरं मातीतच राखून, उपटलेली निम्मी वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून, पिशव्यांना लाख लावून, ते अर्धी रजा टाकून प्रयोगशाळेत गेले. खिडकीमागे एक किडकिडीत कारकून बसला होता. त्याने अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. ही नजर मुद्देसूदरावांच्या चांगल्या ओळखीची होती.

"उत्पादक म्हणून तुमचंच नाव आहे. नोकरी?"

"सरकारी."

"मग कार्यालयाचं ना-हरकत पत्र पाहिजे. खाजगी उत्पादन करताय."

"अहो, टबात आहेत गाजरं! घरच्या गच्चीवर!"

"टबाला सूट असल्याचं परिपत्रक असेल तर जोडा. आणि नमुना काढल्यापासून एका दिवसात यायला पाहिजे. पुढच्या वेळी ताजा आणा."

"साहेब, मी स्वतः आवक-जावकला आहे," मुद्देसूदराव काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग तुम्हाला तर समजायला पाहिजे," कारकून म्हणाला आणि त्याने खिडकी लावून घेतली.

हा घाव वर्मी बसला. त्या दिवशी बसमध्ये जागा असूनही ते उभ्याने घरी आले. लाख लावलेल्या तिन्ही पिशव्या आईने फोडल्या आणि सगळ्या गाजरांची मिळून एकच भाजी केली. मुद्देसूदराव प्रत्येक घास डोळे मिटून चावत होते.

"एक नंबरची जरा गोड लागतायत का गं?"

"सगळी एकाच कढईत होती," बायको म्हणाली. "पोटात गेल्यावर नंबर राहतात का?"

ना-हरकत पत्रासाठी त्यांनी साहेबांच्या नावे अर्ज लिहिला. आता कार्यालयातला कुठलाही अर्ज आधी आवक-जावकला यायचा. म्हणजे तो त्यांच्याच टेबलावर आला. मुद्देसूदरावांनी तो रीतसर स्वीकारला, आवक क्रमांक टाकला, वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की अर्जदाराने सहपत्र जोडलेलं नाही. त्यांनी पाच मिनिटं अर्जाकडे रोखून पाहिलं. अर्जदार गरजू होता, प्रामाणिक होता, त्याला घाई होती, हे सगळं त्यांना माहीत होतं. पण एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतात. त्यांनी अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत केला. मग खुर्ची सोडून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले, तो घेतला आणि मनातल्या मनात स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी त्या दिवसापासून मुद्देसूदरावांसमोर मोठ्याने बोलणं बंद केलं.

पत्र मिळायला तीन आठवडे लागले. टबात राखलेली उरलेली गाजरं त्याच सकाळी उपटून ते पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहिले. कारकुनाने एक नंबरची पिशवी उघडली. याही खेपेला निघालेलं तीन पायांचं एक गाजर बाहेर काढून त्याने उजेडात धरलं.

"हे काय?"

"गाजर."

"फॉर्ममध्ये आकार लिहायचाय. शंकू का दंडगोल?"

"इतर लिहा."

"इतर असं लिहिता येत नाही." कारकून विचारात पडला. त्याने गाजर डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग आतल्या खोलीतून दोन बाया आणि एक शिपाई येऊन बघून गेले. शेवटी त्याने 'शंकू (तीन)' असं लिहून एकदाचा शिक्का मारला. मुद्देसूदरावांना त्या क्षणी त्याच्याबद्दल आदर वाटला, हे कबूल करायला पाहिजे.

दाखला मीटिंगच्या आदल्या दिवशी टपालाने आला. त्यांनी तो उघडला आणि तसेच जवळच्या स्टुलावर बसले. बायको हात पुसत आली.

"काय झालं?"

त्यांनी कागद पुढे केला. कॅरोटिन, क जीवनसत्त्व, साखर, लोह. एक नंबर आणि दोन नंबर यांत उन्नीस-बीस. आणि चारही रकान्यांत सगळ्यांत वर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, टब क्रमांक तीन. निरंक.

बायकोने दोनदा वाचलं. तिचा चेहरा कसानुसा झाला. "अहो, दाखवू नका हा कागद. म्हणा, अजून आलाच नाही. कोण बघायला येतंय?"

"मी पाकिटावर तारीख टाकलीये," मुद्देसूदराव म्हणाले.

"मग पाकीट फाडा!"

"अगं, आलेला कागद आला नाही म्हणायचं? मी?" त्यांनी दाखला घडी करून खिशात ठेवला. ते उठले आणि गच्चीवर गेले. बराच वेळ खाली आले नाहीत. बायको गच्चीच्या दाराआड उभी राहून काहीतरी बोलू बघत होती, पण तिचा धीर होईना.

मीटिंगला सगळी इमारत लोटली. आईसुद्धा काठी टेकत आली. मुद्देसूदरावांनी दाखला टेबलावर ठेवला आणि उभे राहिले.

"मुद्दा पहिला," ते म्हणाले, "माझ्या खताचं गाजर सरस निघालं नाही. मुद्दा दुसरा, ज्याला काहीच दिलं नाही ते सगळ्यात सरस निघालं. म्हणजे खताचा उपयोगच नाही असं या कागदावरून दिसतं. मुद्दा तिसरा..." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ड्रम मी आत्ता खाली आणतो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरी तर जिंकलेला माणूस. पण ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत खाली बघत बसले होते. मुद्देसूदराव दाराकडे वळले.

"थांब रे," आई म्हणाली. "त्या तिसऱ्याला मी रोज दुधाचं भांडं विसळून घालत होते."

मुद्देसूदराव जागच्या जागी थिजले. "काय?"

"उपाशी होता तो. माझ्यादेखत दोघं जेवायचे आणि तो नुसता बघत बसायचा."

"आई, गाजर बघत नाही!"

"मी बघत होते ना."

मग बायको पुढे आली. डोळे पाण्याने भरलेले. "अहो, मी पण. तुम्ही ऑफिसला गेलात की ड्रममधलं मूठभर खत त्याला घालायचे. दोन नंबरलाही. एकाच्याच पानात वाढल्यासारखं वाटायचं हो. मला काय माहीत तो जिंकेल म्हणून!"

"अंड्याची टरफलं," मागून एक बारीक आवाज आला. केमिस्ट्रीच्या बाई. "वाटून. पूड करून."

"बाई, तुम्ही? अहो, तिसरा टब तुम्हीच सांगितलात!"

"सांगितला. शास्त्राप्रमाणे बरोबरच होता तो. पण कपडे वाळत घालायला वर गेलं की रोज दिसायचा हो, बघवेना."

मुद्देसूदरावांनी दाखला पुन्हा वाचायला घेतला. आणि तेवढ्यात सेक्रेटरींनी घसा खाकरला. "पाण्याच्या टाकीची पातळी बघायला मी रोज वर जातो," ते पेपरवेटला उद्देशून म्हणाले. "सकाळच्या चहाचा चोथा हातात असायचा. कुठेतरी टाकायचाच, तर..."

"तुम्ही? अहो, तुम्हाला तर मी हरायला हवं होतं!"

"एक नंबरला मी हात लावलेला नाही!" सेक्रेटरी दुखावले. "तो तुमचा होता. ती लबाडी झाली असती."

त्यानंतर मुद्देसूदराव जे बोलले त्यात एकही मुद्दा नव्हता. चार महिने, फूटपट्टी, लाख, तीन पायांचं गाजर, त्या किडकिडीत कारकुनापुढे वाकवलेली मान, सगळं एका दमात बाहेर पडलं. इमारतीने ते खाली मान घालून ऐकलं. दम संपल्यावर केमिस्ट्रीच्या बाई चाचरत म्हणाल्या, "पण साहेब, दूध, टरफलं, चोथा, खत... हे सगळं सेंद्रियच झालं की. म्हणजे तुमचंच खरं ठरलं. तुम्ही जिंकलात."

सगळे उत्साहाने माना डोलवू लागले. "जिंकलात, जिंकलात!" विमावाले ओरडले.

"मी जिंकलेलो नाही!" मुद्देसूदराव कडाडले. "यातलं काहीही रजिस्टरात नाही. नोंद नाही ते झालं नाही. मी हरलोय, आणि माझी सही आहे!" असं म्हणून ते तरातरा गच्चीवर गेले. मागोमाग आख्खी इमारत. ड्रम लिफ्टमध्ये मावणारा नव्हता आणि एकट्याला उचलेना. शेवटी सेक्रेटरींनीच पुढे होऊन दुसरी बाजू धरली, आणि दोघं घामाघूम होत, एकमेकांच्या पायावर पाय देत, पाच मजले उतरून तो खाली अंगणात घेऊन आले.

"झालं," मुद्देसूदराव धापा टाकत म्हणाले. "बोलवा भंगारवाल्याला."

"तसं ठरावात नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्हीच वाचा." सेक्रेटरींनी वही पुढे केली. "'ड्रम स्वतः खाली आणीन.' आणलात. पुढे काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही. आणि जे लिहिलेलं नाही ते मी कसं करू?"

मुद्देसूदरावांनी तीनदा वाचलं. एकही त्रुटी नव्हती. शिंप्याने आपल्या खिडकीतून वासाचा काहीतरी विषय काढला, पण आईने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने मान आत घेतली.

संध्याकाळी मुद्देसूदराव रजिस्टर घेऊन बसले. प्रयोग संपला की निष्कर्ष लिहायचा असतो, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी दोनदा लिहून खोडलं. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं:

"निष्कर्ष. गाजरांबाबत: काहीही सिद्ध झाले नाही. इमारतीबाबत: येथे कोणालाही उपाशी ठेवता येत नाही, असे आढळून आले."

आईने मान हलवली. "एवढं कळायला चार महिने लागले तुला?"